थरारपटात भीती कुणाची, कुणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चार-पाच जण अंबाजोगाईहून निघतो आणि बीड, लातूर, परभणीकडच्या कॉलेजांत, शाळांच्या सभागृहांत, कधी मारुतीच्या पारासमोर पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवतो. सिनेमा संपला की बोलणं सुरू होतं, आणि थरारपट असला की ते लवकर संपत नाही. बाई, जात, धर्म, बोली यांबद्दलचे तेच ते प्रश्न प्रत्येक गावात निघतात, म्हणून ते इथे एकत्र केले. उत्तरं माझी आहेत. काही बाबतींत आमच्या गटातही एकमत नाही. खाली काही सिनेमांची रहस्यं उघड झाली आहेत, तेव्हा ज्यांनी 'पाठलाग', 'कहानी' आणि 'दृश्यम' पाहिलेले नाहीत त्यांनी आधी ते पाहून घ्यावेत.

थरारपट कशाला म्हणायचं? भयपट आणि थरारपट एकच का?

एकच नाहीत, पण शेजारी आहेत. थरारपटात काहीतरी लपवलेलं असतं. ते कुणाला ठाऊक असतं, कुणाला नसतं, आणि ज्याला कळायला हवं त्याला वेळेत कळेल का यावर आपला जीव टांगलेला राहतो. भूत असो की खुनी, हा ताण असला की थरार आला. म्हणून 'लपाछपी'सारखा भयपटही या पानावर आहे.

सिनेमा करमणुकीसाठी असतो. त्यात बाई, जात, धर्म कशाला शोधायचं?

हा प्रश्न प्रत्येक कॉलेजात येतो, आणि विचारणारा सहसा मागच्या बाकावरून विचारतो. मला तो आवडतो.

दिग्दर्शकाकडे दोन-सव्वादोन तास असतात. तेवढ्यात अनोळखी माणसांना घाबरवायचं तर भीती नव्याने पेरून उगवायला वेळ नसतो. मग तो आपल्या मनात आधीच रुजलेली भीती उसनी घेतो. अंधारी गल्ली, त्या गल्लीतली टोपी, कपाळभर कुंकू आणि मोकळे केस, टाळी वाजवत अंगावर येणारा माणूस, रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेली टोळी. यातलं काहीही पडद्यावर आलं की आपण खुर्चीत सावरून बसतो. कुणी काही केलेलंही नसतं, तरी बसतो. विनोदी सिनेमात आपण हसायचं की नाही हे ठरवू शकतो. दचकायचं की नाही हे ठरवायला वेळच मिळत नाही. म्हणून आपल्या मनात कुणाबद्दल काय साठलंय ते तपासायला थरारपटाइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

करमणूक तर व्हावीच. मी स्वतः हे सिनेमे आवडीने बघते.

बाईचं पात्र 'सशक्त' आहे की नाही हे कसं ओळखायचं?

'सशक्त' हा शब्द मी वापरणं सोडलं आहे. तिच्या हातात पिस्तूल दिलं, तिला खाकी घातली, चार गुंड लोळवले की झाली सशक्त, असं समीकरण होऊन बसलं आहे. थरारपटात खरी ताकद माहितीत असते. म्हणून मी दोन गोष्टी बघते. तिला काय ठाऊक आहे? आणि तिने ते सांगितलं तर तिचं खरं कोण मानतं?

'पाठलाग' हा राजा परांजपे यांचा १९६४ चा मराठी सिनेमा. त्यावरून राज खोसला यांनी १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' केला. वकील नवरा बायकोच्या मरणाचं दुःख करतो आहे, आणि एक बाई कोर्टात उभी राहून सांगते, मीच तुझी बायको. घरातल्या, नवऱ्या-बायकोतल्या खुणा ती एकेक करून सांगत जाते, आणि दरवेळी तिच्यावर नवा संशय घेतला जातो. शेवटी उलगडा होतो तेव्हा कळतं, ती पहिल्यापासून खरंच बोलत होती. म्हणजे सगळा थरार उभा आहे तो एका बाईला 'मी मीच आहे' हे सिद्ध करावं लागतं यावर. लातूरला हा सिनेमा दाखवला तेव्हा वकिलीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, 'वारसाच्या दाव्यात बायकांचं असंच होतं, फक्त गाणी नसतात.' विधवा बाई तलाठ्याकडे नाव लावायला जाते तेव्हा तिचं बोलणं पुरावा ठरत नाही, तिला कागद मागतात. साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा तिला आजचा वाटला तो या कारणाने.

इंग्रजीत याची जुनी ओळ 'गॅसलाइट' या नाटकापर्यंत आणि त्यावरच्या १९४४ च्या सिनेमापर्यंत जाते. नवरा घरातले दिवे मंद होण्याबद्दल बायकोला खोटं पाडत राहतो, इतकं की तिला स्वतःच्याच डोळ्यांची खात्री उरत नाही. आज 'गॅसलाइटिंग' हा शब्द कॉलेजातली पोरं सर्रास वापरतात. तो या कथेतून आला.

आता 'दृश्यम' घ्या. मूळ मल्याळम २०१३ चा, निशिकांत कामत यांनी हिंदीत केलेला २०१५ चा. आमच्याकडे हा सिनेमा पाठ असलेली माणसं आहेत. चौथी नापास केबलवाला अख्ख्या पोलीस खात्याला पुरून उरतो, आणि आपल्या भागातल्या प्रेक्षकाला त्याचा अभिमान वाटतो. मलाही वाटतो. शिकलेल्यांच्या खुर्चीपुढे उभं राहून बोलताना ज्याची जीभ अडखळते त्याला हा नायक आपला वाटणारच. पण त्याच सिनेमात घरातल्या बायकांकडे बघा. मुलीचा व्हिडिओ चोरून काढला जातो, संकट तिच्यावर येतं, त्या रात्री त्याला तोंड देतात ती मुलगी आणि तिची आई. त्यानंतर सगळी सूत्रं वडिलांकडे जातात. २ ऑक्टोबरला आपण कुठे होतो, काय खाल्लं, कोणता सिनेमा पाहिला, हे तो घरच्यांकडून घोकून घेतो. बायका-मुली त्याने लिहिलेलं पाठ म्हणतात. त्या प्रसंगाची त्यांची स्वतःची गोष्ट काय, हे कुणी विचारत नाही. सिनेमा सुंदर बांधलेला आहे आणि माझी ही तक्रारही खरी आहे.

'कहानी' (२०१२) याच्या उलट्या टोकाला आहे. नवऱ्याला शोधत कोलकात्यात आलेली गरोदर बाई पाहिली की पोलीस, लॉजवाला, सरकारी बाबू सगळे मऊ होतात. गरोदर बाई म्हणजे बिचारी, तिच्यापासून कसला धोका, असं त्यांना वाटतं आणि आपल्यालाही वाटतं. शेवटी कळतं की पोट खोटं होतं. तिने आपल्या सगळ्यांच्या समजुतीचा चिलखतासारखा वापर केला. पूर्वग्रह पक्का करणारा सिनेमा आणि पूर्वग्रहाला पकडून दाखवणारा सिनेमा यातला फरक मला समजवायचा असतो तेव्हा मी हेच उदाहरण देते.

'पुरुषी नजर' म्हणजे काय? पुरुष दिग्दर्शकाने काढलेला सिनेमा म्हणजे पुरुषी नजर का?

नाही. लॉरा मल्व्ही या अभ्यासक बाईंनी १९७५ च्या एका लेखात ही कल्पना मांडली. थोडक्यात सांगायचं तर कॅमेरा कुणाच्या जागी उभा आहे ते बघा. बाई बघते आहे की बाईकडे बघितलं जातं आहे?

हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) भिंतीच्या भोकातून एक पुरुष खोलीतल्या बाईकडे बघतो आणि कॅमेरा आपला डोळा त्या भोकाला लावतो. आपण तिच्या बाजूचे आहोत असं इतका वेळ वाटत होतं. क्षणात आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. अर्धा सिनेमा व्हायच्या आत ती मारली जाते.

जोनाथन डेमी यांचा 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१) हाही पुरुषानेच काढलेला. त्यात खुन्याचा माग काढणाऱ्या क्लॅरिसशी बोलणारे पुरुष थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्या डोळ्यांत बघतात. सुरुवातीलाच ती लिफ्टमध्ये शिरते आणि तिच्यापेक्षा डोकंभर उंच पुरुषांच्या मधे उभी राहते. परभणीला हा प्रसंग मी थांबवून पुन्हा दाखवला. मुलांनी विचारलं, यात विशेष काय? मुलींनी विचारलं नाही. परभणी-जिंतूर एस.टी.मध्ये उभ्याने रोज प्रवास करणाऱ्या मुलीला त्यात समजावण्यासारखं काही नव्हतं.

बेक्डेल चाचणीत पास झालेला सिनेमा चांगला समजायचा का?

ती चाचणी ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका व्यंगचित्रातून आली. सिनेमात किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलाव्यात. इतकंच. ताप मोजायला थर्मामीटर लागतो, पण आजार कोणता ते तो सांगत नाही. ही चाचणी मी तशीच वापरते.

नुसत्या बायकांचा थरारपट मराठीत आहे का?

आहे, आणि त्याचा धागा आपल्याकडे येतो. 'बिनधास्त' (१९९९). दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, औरंगाबादच्या नाट्यचळवळीतून पुढे आलेले. कॉलेजातल्या दोन जिवलग मैत्रिणी, एक खून, आणि मुख्य भूमिकांत सगळ्या बायका. पुढच्याच वर्षी प्रियदर्शन यांनी तो तमिळमध्ये पुन्हा केला. मराठी गोष्ट उचलून दक्षिणेत नेली गेली याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही.

मला त्यातलं काय महत्त्वाचं वाटतं ते सांगते. सगळीच पात्रं बायका असली की कुठलीही एक बाई 'बाई' या जातीची प्रतिनिधी राहत नाही. एक भित्री, एक आगाऊ, एक आतल्या गाठीची, एक अधिकार गाजवणारी. जिथे आठ पुरुषांत एकच बाई असते तिथे तिच्यावर सगळ्या स्त्रीजातीचं ओझं येतं, आणि मग ती देवी तरी होते नाहीतर डाकीण.

खलनायिका दाखवली की सिनेमा स्त्रीविरोधी होतो का?

मुळीच नाही. बायकांना वाईट वागायचा हक्क पडद्यावर मिळालाच पाहिजे. 'अंधाधुन'मधली (२०१८) तब्बूची सिमी खून करते, घाबरते, पुन्हा खून करते, आणि प्रत्येक पायरीवर तिच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला दिसतं. तिला कारणं आहेत, हिशेब आहे, थकवा आहे. ती माणूस आहे.

चाळीसच्या दशकातल्या हॉलिवूडच्या 'डबल इन्डेम्निटी'सारख्या सिनेमांतून पुरुषाला मोहात पाडून खड्ड्यात घालणारी बाई आली. तेव्हा तिथे चित्रपटांसाठी कडक आचारसंहिता होती, १९३४ पासून काटेकोर पाळली गेलेली. गुन्हेगाराला शिक्षा झालेली दाखवणं भाग होतं. त्यामुळे पैशासाठी किंवा सुटकेसाठी धडपडणारी बाई शेवटी मरणार हे ठरलेलंच. ती संहिता १९६८ मध्ये गेली, पण तो शेवट सवयीने उरला. आपल्या हिंदी सिनेमात दारूचा ग्लास हातात धरून नाचणारी बाई नायकासाठी गोळी झेलून मरायची ते आठवा. तिला जगवून पुढे काय करायचं हे लेखकाला सुचत नसे.

तपासायचं असेल तर एवढंच विचारा: ती वाईट वागते आणि बाईही आहे, की बाई आहे म्हणून वाईट रंगवली आहे?

तृतीयपंथी माणूस थरारपटात नेहमी खुनीच का असतो?

नेहमी नाही, पण इतक्या वेळा की प्रश्न रास्त आहे. 'सायको'त खुनी आईचे कपडे घालतो. शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन लांबलचक समजावतो, पण प्रेक्षकाच्या डोक्यात राहतो तो विग आणि तो झगा. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'मध्ये संवादात स्पष्ट येतं की खुनी खऱ्या अर्थाने लिंगबदल इच्छिणारा नाही. ते वाक्य किती जणांना आठवतं? त्याचं आरशासमोर नाचणं सगळ्यांना आठवतं. त्या काळात अमेरिकेत याविरुद्ध निदर्शनं झाली. स्त्रियांच्या नजरेला इतकी जागा देणारा सिनेमा दुसऱ्या एका गटाच्या बाबतीत इतका बेफिकीर असू शकतो, हे लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे 'सडक' (१९९१) मधली महाराणी, तृतीयपंथी खलनायक. ती रंगवणारे सदाशिव अमरापूरकर हे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याचे, आणि त्या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचा नकारात्मक भूमिकेचा पहिलाच पुरस्कार मिळाला. काम थोरच आहे. पण त्यानंतर कित्येक वर्षं टाळी, जाड आवाज आणि गडद लाली ही खलनायकाची तयार सामग्री होऊन बसली.

लातूरच्या एका कार्यक्रमात मागच्या रांगेत एक तृतीयपंथी ताई बसल्या होत्या. चर्चेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'आम्ही स्टँडवर गेलो की लेकरं आईच्या मागं लपतात. त्यांना कुणी शिकवलं ते आज बघितलं.' सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीय लिंग म्हणून त्यांची ओळख मान्य केली. आईच्या मागे लपणाऱ्या लेकरापर्यंत तो निकाल अजून पोचायचा आहे, आणि तिथवर तो सिनेमातूनच लवकर पोचेल असं मला वाटतं.

मुसलमान पात्रांबद्दल तुम्ही काय म्हणता?

आधी आपल्या भागाबद्दल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या आठवणी इथल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहेत, आणि त्याच घरांमध्ये शेजारच्या मुसलमान कुटुंबाने लपवून वाचवल्याच्या आठवणीही आहेत. दर्ग्याच्या उरुसात कोण कोण असतं ते इथल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. त्याच प्रेक्षकापुढे मुंबईचा थरारपट येतो आणि त्यात मुसलमानासाठी दोनच जागा असतात. एक बॉम्ब ठेवणारा, दुसरा देशासाठी मरून आपली निष्ठा सिद्ध करणारा. घड्याळ दुरुस्त करणारा, बँकेत कॅशियर असणारा, नुसताच शेजारी असणारा कुठे दिसत नाही. एका मुलाने मला साधंच सांगितलं होतं, 'मॅडम, आमच्यातली नावं कॉल ट्रेस झाल्यावरच येतात.'

'आमिर' (२००८) मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. लंडनहून परतलेला डॉक्टर, त्याचं कुटुंब ओलीस, आणि फोनवरचा आवाज त्याला मुंबईभर फिरवतो. इथे घाबरलेला आहे तो मुसलमान माणूस, भीती त्याच्याबद्दलची नाही. हे मोठं पाऊल होतं. तरी त्याला ज्या गल्ल्यांतून फिरवलं त्यातला प्रत्येक चेहरा संशयास्पद दिसेल असाच टिपला आहे, आणि शेवटी चांगुलपणाची पावती त्याला मरूनच मिळते. आमच्या गटात यावर भांडण झालं. एक जण म्हणतो, दुसरा शेवट शक्यच नव्हता. मी अजून मानलेलं नाही.

जातीचा उल्लेखही नसतो, मग थरारपटात जात दिसते कुठे?

आवाजात दिसते. हलगी ऐका. आपल्याकडे लग्नात, पोळ्याला, जत्रेत, कुस्तीच्या फडात हलगी कडाडते आणि माणसाला नाचावंसं वाटतं. ती वाजवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्तीतले आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. थरारपटात हलगी वाजली की समजायचं कुणाचा तरी जीव जाणार. पोतराज दिसला, कोरड्याचा फटका ऐकू आला, की तेच. पोतराज म्हणजे उपाशी पोटाने मरिआईच्या नावाने दारोदार फिरणारा गरीब माणूस. त्याच्या केसांकडे आणि कुंकवाकडे कॅमेरा वळतो, त्याच्या पायांकडे वळत नाही.

आणि 'टोळी'. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. कागदावरून गेला, पण पोलीस ठाण्यातून आणि पटकथेतून गेला नाही. रात्री घरावर दरोडा घालणारी, अंगाला तेल लावलेली, न कळणाऱ्या भाषेत बोलणारी माणसं दाखवली की लेखकाला आणखी काही सांगावं लागत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर होती, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते सिनेमामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण पालात राहणारा, झोळी घेतलेला अनोळखी माणूस बघून जमावाच्या मनात जे चित्र उभं राहिलं, ते रंगवण्यात बऱ्याच जणांचे हात आहेत आणि त्यात पडदाही आहे.

जात उघडपणे सांगणारा थरारपट म्हणजे 'आर्टिकल १५' (२०१९). मुली झाडाला लटकलेल्या, तिसरी बेपत्ता, आणि संविधानाच्या कलमाचं नाव शीर्षकात. व्यापारी हिंदी सिनेमात हे बोललं जाणं मोलाचं होतं. आक्षेपही तितकाच खरा आहे: शोध घेणारा, समजणारा, धक्का बसणारा आणि शेवटी सोडवणारा माणूस बाहेरून आलेला ब्राह्मण अधिकारी आहे. ज्यांच्या मुली गेल्या त्यांना जे जन्मापासून ठाऊक आहे ते त्याला कळेपर्यंत आपण थांबतो. मी वर म्हटलं तो निकष इथेही लावून बघा. माहिती कुणाकडे आहे, आणि कुणाला कळल्यावर ती 'खरी' ठरते?

मराठवाडी बोली थरारपटात कुणाच्या तोंडी असते?

हवालदाराच्या, ड्रायव्हरच्या, वॉचमनच्या, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत मरणाऱ्याच्या. 'कामून', 'करायलास', 'जायलो' हे शब्द आले की प्रेक्षागृहात हशा ठरलेला. ज्याच्या डोक्याने गुन्हा उकलतो तो माणूस प्रमाण मराठी बोलतो. नांदेडच्या एका मुलाने लघुपटात तपास अधिकारी बाईला आपल्या आईच्या बोलीत बोलायला लावलं. सुरुवातीची दोन मिनिटं पोरं हसली, मग शांत झाली, कारण प्रश्न नेमके होते.

अपंग पात्रांचं काय?

ओरखडलेला चेहरा, काचेचा डोळा, लंगडणं या खलनायकाच्या खुणा फार जुन्या आहेत. दुसऱ्या बाजूला आंधळी, असहाय मुलगी. 'वेट अन्टिल डार्क' (१९६७) मधली अंध नायिका घरातले दिवे फोडून सगळ्यांना आपल्या अंधारात ओढते, तेव्हा तिची अडचण हल्लेखोराची होते. ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावर अपंग व्यक्ती कशा दाखवाव्यात यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. लेखन आणि निर्मितीच्या कामात त्या व्यक्तींनाच सहभागी करून घ्यावं, हा त्यांतला मला सगळ्यात कामाचा वाटलेला भाग.

पुरुषांवर अन्याय होत नाही का?

होतो. थरारपटातल्या पुरुषाला घाबरता येत नाही. बायको-मुलगी गमावली की त्याच्याकडे बदला एवढीच भावना उरते, रडायला अर्धं गाणं मिळतं. कर्ज, पीक, सावकार यांच्या भीतीने रात्र रात्र जागणारी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत आणि ती कुणाजवळ बोलत नाहीत. घाबरलेला पुरुष नायक म्हणून दाखवणारा थरारपट मला हवा आहे.

शाळेतल्या मुलांना हे सिनेमे दाखवावेत का?

प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नियमांनी यूए गटाचे ७, १३ आणि १६ वर्षं असे भाग केले आहेत. आम्ही दहावीच्या खाली थरारपट दाखवत नाही.

मला थरारक लघुपट करायचा आहे. काय जपू?

हल्ली हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण प्रत्येक तालुक्यात मोबाइलवर मालिका काढणारी पोरं आहेत. मला जमलेलं एवढं सांगते.

प्रेताला आयुष्य द्या. पहिल्या दृश्यात विहिरीत मुलगी सापडते आणि पुढे तिचं नाव केवळ पंचनाम्यात येतं, अशा पटकथा मी ढिगाने वाचल्या आहेत. ती काय शिकत होती, तिचे कुणाकडे किती पैसे राहिले होते, तिच्या चपलेचा अंगठा कशाने शिवला होता, हे ठाऊक असेल तर तपासही आपोआप चांगला लिहिला जातो.

आडनाव ठेवताना थांबा. मराठीत आडनाव पुष्कळ सांगतं. चोराला, साहेबाला आणि कॉन्स्टेबलला सुचलेली पहिली आडनावं कागदावर लिहा, मग अदलाबदल करून पटकथा वाचा. जिथे खटकेल तिथे तुमचाच समज सापडेल.

बलात्काराचं दृश्य दाखवू नका. गरज नसते. दार लावल्याचा आवाज आणि सकाळची चूल पुरते.

आणि ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना चित्रीकरणाआधी वाचून दाखवा. नंतर दाखवलं तर ती माणसं तुमच्या कौतुकापुढे संकोचून गप्प बसतात.

तुम्ही ऊसतोड कामगारांच्या गावात 'लपाछपी' दाखवला होता, तेव्हा काय झालं?

धारूर तालुक्यातलं गाव, मे महिना. तोडीवरून माणसं परतली होती. शाळेच्या मैदानात पडदा, समोर सतरंज्या, मागे दोन ट्रॅक्टर आणि त्यांवर बसलेली पोरं. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) मुद्दाम निवडला होता. आठ महिन्यांची गरोदर बाई, उसाच्या रानातलं एकाकी घर, तिथली म्हातारी, आणि त्या घराने मारलेल्या मुली. पुढे हिंदीत त्यावरून 'छोरी' निघाला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. हा सिनेमा आपला आहे, तो इथे बघितला गेला पाहिजे असं मला वाटत होतं.

उसात वाट हरवण्याचे प्रसंग आले. शहरात याच जागी लोक एकमेकांचा हात धरतात. इथे बायका आपसांत कुजबुजत होत्या. नंतर कळलं, ऊस तोडीला आलाय आणि तोड का लागली नाही यावर बोलणं चाललं होतं.

चर्चेत चाळिशीतली एक बाई बोलली. बसूनच, पदर सावरत.

'ताई, त्या बाईला उसाचं भ्या कामून वाटतंय? आमची लेकरं उसात झालीत. रातच्याला गाडी भरायला उठवितेत तवा भुताचं भ्या नसतंय. माणसाचं असतंय.'

मी विचारलं, कोणत्या माणसाचं? तिने उत्तर दिलं नाही. तोडीसाठी मजूर नेणारा मुकादम गावातलाच होता आणि ट्रॅक्टरजवळ त्याची माणसं उभी होती. मला ते आधी कळायला हवं होतं. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम नवऱ्याच्या नावावर लिहितात, आणि तिने बांधलेल्या मोळ्या वेगळ्या मोजल्या जात नाहीत. अशा बाईला मी भर मैदानात साक्ष द्यायला सांगत होते.

थोड्या वेळाने तीच पुन्हा म्हणाली, 'सगळं त्या म्हातारीच्या माथी मारलं. म्हातारी वाईट असंल, म्या नाही म्हणत न्हाई. पर ह्यात मशीनवाला डॉक्टर कुठंय?'

मैदान गप्प झालं. तिथल्या बायकांना, पोटात मुलगा की मुलगी ते मशीनवर बघून सांगणारा तो डॉक्टर कुठल्या रस्त्यावर होता, जिना किती पायऱ्यांचा होता, फरशी कसली होती, सगळं ठाऊक होतं. तिथे ना पडका वाडा होता ना विहीर, फक्त ट्यूबलाइट आणि नंबर पुकारणारा पोरगा. ती जागा सिनेमात नव्हती आणि मी इतक्यांदा तो सिनेमा बघून मला तिची आठवण झाली नव्हती. म्हातारी, कुंकू, ऊस आणि अंधार यांवर माझीही भीती भागली होती.

प्रोजेक्टर आवरायला साडेअकरा झाले. निघताना ती बाई गाडीजवळ आली, हातात शेंगांची पिशवी होती. म्हणाली, पुढच्या खेपेला दिवाळीच्या आधी या, नंतर आम्ही गावात नसतो.